पाच कामांचे यंत्र

सुताराची पिशवी उघडली म्हणजे तिच्यातून किती अवजारे बाहेर पडतात! करवत, रंधा, पटाशी, वाकस, सामता, गुण्या, कानस. प्रत्येकाचे काम निराळे, आणि ते त्यानेच करावे. करवतीने रंधता येत नाही, रंध्याने भोक पाडता येत नाही. परंतु अमेरिकेतील ओहायओ राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथील एका घराच्या गॅरेजमध्ये एक जुने यंत्र असे आहे, की ते एकटे पाच यंत्रांची कामे करते. 1957 साली विकत घेतलेले हे यंत्र आजही चालते. ते घर एका मराठी कुटुंबाचे आहे आणि घरातील माणसे त्या यंत्राला ‘पाचकामी’ असे म्हणतात.

दुरून पाहिले तर पाचकामी एखाद्या अरुंद बाकासारखे दिसते. दोन भक्कम पोलादी नळ्या एकमेकींना समांतर अशा आडव्या बसविलेल्या आहेत. त्यांवर एका बाजूला एक जड पेटी आहे. पेटीच्या पोटात विजेची मोटार असून पेटीतून एक पोलादी दांडा बाहेर आला आहे. मोटार चालू केली की हा दांडा गरगर फिरू लागतो. यंत्राचे सारे रहस्य या एका दांड्यात साठविलेले आहे. त्याच्यावर दातेरी चकती बसविली की यंत्राची करवत होते. काचकागद चिकटविलेली बारा इंची तबकडी बसविली की तेच यंत्र लाकूड घासून गुळगुळीत करते. दांडा आणि समोरचे टोक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा पकडला की त्याचा लेथ होतो, आणि 34 इंच लांबीपर्यंतचे लाकूड त्यावर कातता येते. दांड्यावर गिरमिट चढविले की फळीच्या कडेत आडवे भोक पाडता येते. हेच भोक उभे पाडावयाचे असेल तर? तर, अंगणातली बाज एका टोकाला धरून उभी करावी, तशा त्या दोन्ही नळ्या पेटीसकट उभ्या करावयाच्या. मग गिरमिटाचे टोक खाली वळते आणि यंत्राचे पाचवे रूप सिद्ध होते.

या यंत्राची कल्पना हॅन्स गोल्डश्मिट नावाच्या गृहस्थांना सुचली. ते मूळचे जर्मनीचे. 1937 साली ते अमेरिकेत आले. पुढे दुसरे महायुद्ध संपले आणि लक्षावधी सैनिक घरी परतले. त्यांच्यासाठी लहान लहान घरे भराभर उभी राहू लागली. नव्या घरात टेबल हवे, कपाट हवे, मुलांना खाट हवी. आपल्या हातांनी या वस्तू कराव्यात अशी हौस पुष्कळांना होती. परंतु पाच निरनिराळी यंत्रे घ्यावयाची म्हणजे पाच मोटारी आल्या, पाच जागा आल्या आणि पाचांची किंमत आली. तेव्हा एकाच मोटारीकडून पाचही कामे करून घेणारे यंत्र गोल्डश्मिट यांनी तयार केले. कॅलिफोर्नियातील मॅग्ना कंपनीने ‘शॉपस्मिथ’ या नावाने 1947 साली ते बाजारात आणले. 1950 नंतरच्या काही वर्षांत त्याची ‘मार्क फाइव्ह’ ही सुधारलेली जात निघाली. डेटनच्या गॅरेजमधील पाचकामी याच जातीचे.

या यंत्राच्या इतिहासात एक मौजेची गोष्ट आहे. 1960 नंतरच्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. डेटन येथील जॉन फोकर्थ नावाच्या गृहस्थांजवळ असे एक यंत्र होते. त्याचा एक सुटा भाग त्यांना हवा होता. तो शोधू लागले, तेव्हा यंत्र बनविणे आता बंद झाले आहे असे त्यांना कळले. दुसरा कोणी असता तर त्याने यंत्र भंगारात टाकले असते. फोकर्थ यांनी ते यंत्र बनविण्याची साधनसामग्रीच विकत घेतली आणि 1972 साली डेटनमध्ये नवी कंपनी सुरू केली. एका सुट्या भागाच्या शोधातून अशा रीतीने एक कारखाना उभा राहिला, आणि जुन्या यंत्रांनाही त्यामुळे पुन्हा दिवस आले.

पाचकामीचे आजचे मालक म्हणजे नाना. त्यांचे बालपण सावंतवाडीला गेले. तेथील लाकडी फळे व खेळणी प्रसिद्धच आहेत. शाळा सुटली की लहानगा नाना कातकाम करणाऱ्या एका कारागिराच्या ओटीवर जाऊन बसे. एक जण दोरी ओढी, लाकूड गरकन फिरे आणि कारागीर त्याच्यावर हत्यार टेकवी. दोरी उलट ओढली की लाकूडही उलटे फिरे. तेवढा वेळ कारागीर हत्यार मागे घेई. लाकूड सुलट फिरू लागले की हत्यार पुन्हा पुढे येई. पुढे व मागे, पुढे व मागे, अशा त्या लयीत ओबडधोबड तुकड्यातून बघता बघता भोवरा बाहेर पडे. लाकडाच्या भुशाचा तो गोडसर वास नानांच्या मनात कायमचा घर करून राहिला.

नाना पुढे इंजिनियर झाले आणि 1970 साली डेटनला नोकरीस गेले. तेथे त्यांच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन राहत असत. युद्धावरून परत आल्यावर त्यांनी आपले घर वसविले होते, आणि 1957 साली हे यंत्र घेऊन घरातील बहुतेक लाकडी सामान स्वतः केले होते. नाना फावल्या वेळी त्यांच्या गॅरेजच्या दाराशी उभे राहून त्यांचे काम पाहत. 1991 सालच्या उन्हाळ्यात ते शेजारी नानांना म्हणाले, “हे यंत्र मी आता विकणार आहे. तुम्ही घ्याल का?”

नानांना आश्चर्य वाटले. यंत्र तर उत्तम चालत होते. तेव्हा त्या वृद्धांनी एक कोरा कागद उचलला आणि हात लांब करून तो नानांपुढे धरला. कागद वाऱ्यावाचून थरथरत होता. ते म्हणाले, “हातातला कागद थरथरला तर मला हसू येते. पण करवतीपुढची फळी थरथरली तर हसायलाही वेळ मिळायचा नाही. यंत्रात काही बिघाड नाही. बिघाड माझ्या हातात आहे.”

दुसरा एक मनुष्य अधिक पैसे देण्यास तयार होता. तरी त्यांनी नानांनाच यंत्र द्यावयाचे ठरविले. मात्र त्यांची एक अट होती. नानांनी तीन शनिवार आधी त्यांच्याजवळ शिकावयास यावे आणि मगच यंत्र घरी न्यावे. नाना स्वतः इंजिनियर होते, वयाने 49 वर्षांचे होते. तरीही त्यांनी ही अट आनंदाने मान्य केली.

पहिल्या शनिवारी यंत्र सुरूच झाले नाही. त्या दिवशी पेटीतला भुसा काढावयाचा, पोलादी नळ्या पुसावयाच्या आणि गंज चढू नये व पेटी सहज सरकावी म्हणून त्यांवर मेण घासावयाचे, एवढेच काम झाले. दुसऱ्या शनिवारी वेगाचा धडा झाला. पाचकामीचा दांडा मिनिटाला 700 फेऱ्यांपासून 5200 फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. लाकूड जाड व वेडेवाकडे असेल तर वेग कमी ठेवावा. ते बारीक व गोल होईल तसतसा वेग वाढवावा. हा वेग एका तबकडीने कमीजास्त होतो. पेटीच्या आत दोन कप्प्या असून प्रत्येकीचे दोन भाग असतात. ते भाग जवळ आले की पट्टा कप्पीच्या कडेकडे चढतो, दूर गेले की आत उतरतो. अशा रीतीने पट्ट्याचा फेरा लहानमोठा होऊन वेग बदलतो. परंतु मोटार थांबलेली असताना ही तबकडी कधीही फिरवू नये. पट्टा चालता असला तरच तो चढतो व उतरतो. थांबलेल्या पट्ट्यावर जोर केला तर यंत्र मोडते.

तिसऱ्या शनिवारी काय करू नये ते वृद्धांनी सांगितले. डोळ्यांवर चष्मा घातल्यावाचून खटका दाबू नये. सैल बाह्यांचा सदरा घालू नये. चकतीच्या रेषेत उभे राहू नये, बाजूला उभे राहावे. फळीचा शेवटचा भाग बोटांनी पुढे ढकलू नये, त्यासाठी काठी वापरावी. आणि सर्वांत शेवटी त्यांनी एक लहानशी किल्ली दाखविली. गिरमिटाचे पाते एका पोलादी मुठीत घट्ट धरलेले असते. तिला चक म्हणतात. ती मूठ आवळण्याची ही किल्ली. ते म्हणाले, “हिच्या दोनच जागा. हातात किंवा खिळ्यावर. तिसरी जागा नाही.”

त्यानंतर 28 वर्षे नानांनी पाचकामी वापरले. त्यांनी पुस्तकांचे कपाट केले, गणपतीचे मखर केले. मेपलच्या टणक लाकडाची लाटणी तर त्यांनी इतकी कातली, की त्या शहरातील कितीतरी मराठी घरांत नानांच्या लाटण्याने पोळ्या होऊ लागल्या. दर शनिवारी सकाळी नळ्यांना मेण लागे आणि काम संपले की किल्ली खिळ्यावर जाई. गॅरेजमधून यंत्राची गुणगुण ऐकू आली नाही तर आजी विचारीत, “आज बरे वाटत नाही का?”

2019 साल उजाडले. नानांचे वय 77 झाले होते. मुलगा अधूनमधून म्हणे, “नाना, आता पुरे करा. ते यंत्र देऊन टाका कोणाला तरी.” नाना हसून तो विषय बाजूला सारीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होते. पूजेसाठी नवा चौरंग करावयाचा असे नानांनी ठरविले. अक्रोडाच्या लाकडाची फळी कापून, घासून तयार झाली. चार पाय लेथवर कातून झाले. फळीच्या खालच्या अंगास चार भोके पाडून त्यांत पाय बसवावयाचे, एवढेच राहिले. शनिवारी सकाळी नानांनी यंत्र उभे केले आणि दोन भोके पाडली. त्यांची बारा वर्षांची नात दारात उभी राहून पाहत होती.

तिसऱ्या भोकापूर्वी गिरमिटाचे पाते थोडे सैल वाटले, म्हणून नानांनी ते किल्लीने आवळले. इतक्यात आजींनी चहासाठी हाक मारली. “आलोच,” असे म्हणून नानांनी खटका दाबला. किल्ली चकमध्येच होती.

एक तीक्ष्ण आवाज झाला. किल्ली सुटली, नातीपासून दोन हातांवरून गेली आणि खिळ्यांच्या डब्यावर आदळली. डबा खाली पडून सारे खिळे जमिनीवर विखुरले. नानांनी यंत्र बंद केले. नात जागच्या जागी उभी होती. तिला काहीही लागले नव्हते. पण नाना खिळे वेचावयास खाली वाकले, तेव्हा त्यांची बोटे एकही खिळा नीट उचलू शकेनात. नात त्यांच्याजवळ बसली आणि दोघांनी मिळून खिळे गोळा केले.

जरा वेळाने ती हळूच म्हणाली, “आजोबा, मी कोणाला सांगणार नाही.”

नाना तिच्याकडे पाहत राहिले. तिचे बोलणे मायेचे होते, यात संशय नाही. ती गप्प राहिली असती तर कोणाला काहीच कळले नसते. चौरंगही त्याच दिवशी पुरा झाला असता. नानांनी यंत्राची वायर काढून घेतली, किल्ली खिळ्यावर अडकविली आणि ते घरात गेले.

रात्री सर्व जण जेवावयास बसले. नानांनी सकाळचा प्रकार सर्वांना सांगितला. काही वाढविले नाही, काही लपविले नाही. नातीला राहवले नाही. ती म्हणाली, “पण तेवढ्यात आजीने हाक मारली ना, म्हणून!”

“हाक आजीची होती, बाळ,” नाना म्हणाले, “पण विसर माझा होता.”

कोणी काही बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, “नाना, मी तर कधीपासून सांगतो आहे. आता ते विकून टाकू या.”

नानांनी मान हलविली. त्या वृद्ध शेजाऱ्यांच्या हातातला थरथरणारा कागद त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. यंत्र सोडणे त्या माणसाला किती जड गेले असेल, हे नानांना 28 वर्षांनी कळले. ते म्हणाले, “मी आजपासून खटका दाबणार नाही. तू म्हणतोस ते खरे आहे. पण ते विकू नका असे मला वाटते. कोणी शिकणार असेल, तर मी शिकवीन.”

मुलगा ताटाकडे पाहू लागला. त्याला सुतारकामाची आवड कधीच नव्हती. तेव्हा सून म्हणाली, “नाना, मला शिकवाल?”

ती एका शाळेत गणित शिकवीत असे. तिच्या हातात कधी करवत आली नव्हती. नानांनी तिला विचारले, “तीन शनिवार आधी नुसते शिकावे लागेल. चालेल?”

“लक्ष्मीपूजनाला दोनच शनिवार आहेत,” ती म्हणाली, “तिसरा धडा रविवारी सकाळी द्या.”

तिसरा धडा लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच सकाळी झाला. सुनेने बांगड्या काढून ठेवल्या, केस घट्ट बांधले आणि डोळ्यांवर चष्मा चढविला. नाना तीन हातांवर खुर्ची टाकून बसले. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते. शिकवणाऱ्याने हात आवरणे हेही अवघडच असते. गिरमिट फळीत उतरू लागले तेव्हा त्यांची बोटे दोनदा उचलली गेली आणि दोनदा त्यांनी ती मागे घेतली. नातीला यंत्राला हात लावण्याची परवानगी नव्हती. ते तिचे वय नव्हे, असे सर्वांनी ठरविले होते. परंतु तिच्याकडे एक काम सोपविले होते. प्रत्येक वेळी खटका दाबण्यापूर्वी आईने विचारावयाचे, “किल्ली कुठे?” आणि खिळ्यावर नजर टाकूनच नातीने उत्तर द्यावयाचे, “खिळ्यावर.” उत्तर आल्यावाचून खटका दाबावयाचा नाही.

तिसरे भोक चांगले पडले. चौथ्या वेळी मात्र एक चूक झाली. गिरमिटाने किती खोल जावे ते ठरवून देणारा एक थांबा यंत्रावर असतो. सुनेने तो घट्ट केला नव्हता. त्यामुळे चौथे भोक थोडे अधिक खोल गेले आणि त्यात बसविलेला पाय इतर तिघांपेक्षा किंचित आखूड झाला. चौरंग जमिनीवर ठेवला तेव्हा तो एका बाजूने डुलला.

सुनेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “नाना, तुम्ही केला असता तर असे झाले नसते.”

नानांनी चौरंगावरून हात फिरविला. “माझे पहिले कपाट तर भिंतीला टेकल्यावाचून उभेच राहत नव्हते,” ते म्हणाले. मग त्यांनी एका कागदाची चौपदरी घडी केली व आखूड पायाखाली सारली. चौरंग स्थिर झाला. संध्याकाळी त्याच्यावर लक्ष्मीची पूजा मांडली गेली. मुलाने समई लावली आणि सर्वांनी नमस्कार केला.

तो आखूड पाय पुढे सहज दुरुस्त करता आला असता. सुनेने त्यानंतर कितीतरी वस्तू केल्या आणि थांबा घट्ट करावयास ती पुन्हा कधी विसरली नाही. पण चौरंगाचा तो पाय तिने तसाच ठेवला. दर दिवाळीला माळ्यावरून चौरंग खाली येतो, तेव्हा घरातील कोणीतरी न सांगता कागदाची एक घडी करून आणते. आणि गॅरेजमध्ये यंत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला जातो, “किल्ली कुठे?”